पहिला नंबर

गेल्या दिवाळीत पुतण्या अमेरिकेहून आला तो बदाम नाही, चॉकलेटे नाहीत, एक जाडजूड पेटीच बगलेत मारून आला. पेटीत डीव्हीडी होत्या. 'काका, रोज रात्री जेवण झालं की एक गोष्ट बघायची. पंचवीस मिनिटांची असते. काकूलाही बसवा,' एवढे सांगून स्वारी झोपायला गेली. विमानाची झोप ती, दोन दिवस पुरली.

पेटीवर नाव होते 'ट्वायलाइट झोन'. मला वाटले, असेल काहीतरी भुताखेतांचे. सौ. म्हणाली, 'दिवाळीत कसली अभद्र चित्रं आणलीत!' पण नरकचतुर्दशीच्या रात्री, फराळाने सुस्त होऊन दुसरे काही सुचेना म्हणून आम्ही पहिली चकती लावली, आणि श्रावण सरेपर्यंत आमच्या घरात दुसरे काही लागले नाही.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. ही मालिका अमेरिकेत 1959 ते 1964 अशी पाच हंगाम चालली. एकूण भाग 156. त्यांतले 92 एकाच माणसाने लिहिले. त्याचे नाव रॉड सर्लिंग. मालिका त्याचीच होती. सुरुवातीला गोष्टीच्या आधी नुसता त्याचा आवाज यायचा, पुढे तो स्वतःच पडद्यावर येऊ लागला. काळा सूट, ओठ जेमतेम हलताहेत, हातात बहुधा सिगारेट. आपल्या नाटकातला सूत्रधार जसा येऊन नमन करून जातो, तसा हा चार वाक्ये बोलून बाजूला होतो. आमच्या घरी त्याचे नाव 'सिगारेटवाला' असे पडले. हा गृहस्थ 1975 साली हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर अवघ्या पन्नासाव्या वर्षी गेला, हे पुतण्याने फोनवर सांगितले तेव्हा सौ. म्हणाली, 'बघा! तरी मी पहिल्या दिवसापासून म्हणत होते.' जणू तिने वेळीच पत्र टाकले असते तर तो वाचला असता.

पुतण्याला या माणसाचे वेड असण्याचे कारण असे की, तो शिकतो ते न्यूयॉर्क राज्यातले बिंगहॅम्टन हे सर्लिंगचे गाव. जन्म सिरॅक्यूजचा, 1924 सालच्या नाताळचा, पण वाढला तो बिंगहॅम्टनला. शाळा संपताच पॅराशूट पलटणीत भरती झाला, फिलिपाइन्समध्ये लढला, जखमी झाला. वडील वारले ते हा तिकडे असताना, आणि त्याला अंत्यविधीसाठी घरी येता आले नाही. परत आल्यावर ओहायोतल्या अँटिऑक कॉलेजात शिकला आणि टेलिव्हिजनसाठी लिहू लागला. 1955 च्या जानेवारीत 'पॅटर्न्स' नावाचे त्याचे नाटक दाखवले गेले, ते इतके गाजले की महिन्याभरात ते पुन्हा करून दाखवावे लागले. पुन्हा 'दाखवावे' नव्हे, पुन्हा 'करावे', कारण तेव्हा सारे थेट प्रक्षेपण असे. नाटक कंपनीसारखा दुसरा प्रयोगच!

आता नंबरांची भानगड.

आपण मराठी माणसे नंबर लावण्यात मोठी हौशी. एकांकिका असोत, रांगोळ्या असोत, वाड्यातल्या सहा बिऱ्हाडांच्या चकल्या असोत, पहिली कोण हे ठरल्याशिवाय आपल्याला घास गोड लागत नाही. तेव्हा शेवटची चकती संपली त्याच रात्री चिरंजीवांनी कागद पुढे ओढला आणि जाहीर केले की सर्लिंगच्या उत्तम गोष्टी क्रमाने लावायच्या. प्रत्येकाने आपली यादी करायची आणि मग वाद घालायचा. वाद घालायचा हे खरे कलम, बाकी सगळे निमित्त.

पहिला वाद नियमांवरच झाला. गोष्ट दुसऱ्याची आणि पटकथा सर्लिंगची, असे पुष्कळ भाग आहेत. उदाहरणार्थ 'टाइम इनफ ॲट लास्ट'. बँकेतला एक जाड चष्म्याचा कारकून, वाचनाचे व्यसन. बायको वाचू देत नाही, साहेब वाचू देत नाही. बिचारा दुपारच्या सुट्टीत तिजोरीच्या खोलीत जाऊन वाचत बसतो, आणि नेमका तेव्हाच वर बाँब पडून सारे शहर नष्ट होते. याला पुस्तकालय सापडते, वेळ सापडतो, आणि मग चष्मा पडतो. फुटतो. संपले. बर्जेस मेरेडिथ या नटाने तो कारकून असा उभा केला आहे की त्या रात्री मी माझा जुना चष्मा शोधून ड्रॉवरमध्ये राखीव ठेवला. पण ही मूळ कथा लिन व्हेनेबल या लेखिकेची. 'टु सर्व्ह मॅन' डेमन नाइटची. 'इट्स अ गुड लाइफ' जेरोम बिक्स्बीची. चिरंजीव म्हणाले, 'उसनवारीचा माल बाद.'

सौ. उखडली. 'पुरणपोळी चांगली झाली तर श्रेय गूळवाल्याला देता का रे?'

मुद्दा बिनतोड होता, पण चिरंजीव वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला आहेत. शेवटी तडजोड अशी झाली की उसन्या कथांची पंगत वेगळी बसवावी. त्या पंगतीत चष्म्याचा पहिला नंबर बिनविरोध लागला, तेवढेच एक काम त्या रात्री झाले.

तळाचे नंबरही चटकन ठरले. हा मोठा लेखक विनोद करायला गेला की पाहवत नाही. 'कॅव्हेंडर इज कमिंग' नावाच्या भागात तर गोष्टीला हसू येईना म्हणून मागून ध्वनिफितीवरचे हसणे जोडले आहे. अंगात सूट शिवून घेतल्यासारखा गंभीर माणूस तो, त्याने गुदगुल्या कशाला करायच्या! ब्याण्णव गोष्टी लिहिताना पंधरावीस पडायच्याच. दर आठवड्याला सदर लिहिणाऱ्याला हे कुणी सांगायला नको.

मधल्या नंबरांत 'आय ऑफ द बिहोल्डर'. चेहरा पूर्ण बँडेजमध्ये गुंडाळलेली रुग्ण, इतरांसारखी दिसावी म्हणून अकरावा उपचार चाललेला. गंमत म्हणजे डॉक्टरांचे आणि नर्सचे चेहरेही आपल्याला दिसू देत नाहीत. कुणी अंधारात, कुणी पाठमोरे. बँडेज सुटते, आत देखणी मुलगी, आणि मग दिवा लागतो व डॉक्टरांची थोबाडे दिसतात. उलगडा माहीत नसताना एकदाच पाहावी अशी ही गोष्ट. मी इथे सांगून टाकली त्याबद्दल क्षमा असावी. बँडेजच्या आतली नटी वेगळी आणि बँडेज सुटल्यावरची वेगळी, हे कळल्यावर सौ.ने तिला दोन नंबर खाली ढकलले. का, ते सांगत नाही.

'अ स्टॉप ॲट विलोबी' माझ्या यादीत वर आहे आणि ते केवळ पक्षपाताने. जाहिरात कंपनीतला एक अधिकारी, साहेबाच्या तगाद्याने पिळून निघालेला. रोज संध्याकाळी गाडीत डोळा लागतो आणि स्वप्नात एक स्टेशन येते, विलोबी. साल 1888, उन्हाळा, बँड वाजतोय, कुणाला कसलीच घाई नाही. एक दिवस तो उतरतो, म्हणजे धावत्या गाडीतून बाहेर पाऊल टाकतो. मी एकतीस वर्षे डोंबिवलीहून व्ही.टी.ला गेलो आणि आलो. (ते आता छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आहे हे ठाऊक आहे. पण मी ज्या स्टेशनात चेंगरलो त्याचे नाव व्ही.टी. होते.) डोळा लागला की मलाही एक स्टेशन यायचे. फक्त मला बसायला जागा मिळत नसल्यामुळे डोळा पुरता लागायचा नाही, आणि त्यानेच मी वाचलो असेन.

'डेथ्स-हेड रीव्हिजिटेड'वर वाद झाला नाही. नाझी छळछावणीचा एक माजी अधिकारी मजेत सहल करावी तसा डाखाऊला परत येतो, आणि तिथे मेलेले कैदी त्याच्यावर खटला चालवतात. ही गोष्ट 1961 च्या नोव्हेंबरात दाखवली गेली. त्याच वर्षी जेरुसलेमला आइखमनवर खटला चालला होता. सर्लिंग जन्माने ज्यू. आम्ही तिघांनीही तिला आपापल्या यादीत चौथा नंबर दिला, आणि चौथाच का, हे कुणी कुणाला विचारले नाही.

आता वरच्या तीन.

'वॉकिंग डिस्टन्स' ही चिरंजीवांची पहिली. छत्तीस वर्षांचा थकलेला गृहस्थ गाडी दुरुस्तीला टाकून दीड मैलावरच्या आपल्या जन्मगावी चालत जातो. तिथे दहा सेंटला अजून तीन गोळ्यांचे आइस्क्रीम सोडा मिळते, कारण तो आपल्या लहानपणात पोचला आहे. आईबाप जिवंत आहेत, त्याला ओळखत नाहीत. अकरा वर्षांचा तो स्वतःच चक्रीपाळण्यावर बसला आहे. हे दिवस जपून घे रे, एवढेच त्याला सांगायचे असते. तो त्याच्यामागे धावतो, पोरगा घाबरतो, पाळण्यावरून पडतो, पाय मोडतो. आणि मग रात्री बाप येतो. मुलाच्या पाकिटातले परवाना-नोटा पाहून त्याला सारे उमगलेले असते. तो रागावत नाही. इथे तुला जागा नाही, हा उन्हाळा त्या पोराचा आहे, तुझ्याकडेही कुठेतरी बँड वाजत असेल, पुढे बघ, अशा अर्थाचे तो हळू आवाजात सांगतो. परतताना तो गृहस्थ लंगडत असतो. बर्नार्ड हरमनचे संगीत आहे, ते मी दोनदा केवळ डोळे मिटून ऐकले.

तो चक्रीपाळणा खरा आहे. बिंगहॅम्टनच्या रिक्रिएशन पार्कमध्ये अजून फिरतो. जॉर्ज एफ. जॉन्सन या जोड्यांच्या कारखानदाराने त्या भागात असे पाळणे देणगीदाखल बसवले, अट एवढीच की मुलांकडून पैसे घ्यायचे नाहीत. पुतण्याने सव्वीस वर्षांचे वय विसरून त्यावर बसून फोटो पाठवला. चिरंजीवांचे म्हणणे, ज्याला बापाच्या अंत्यविधीला जाता आले नाही त्याने बापाची आणि मुलाची अशी भेट लिहिली, याहून वर काय असणार? मी गप्प बसलो. हा मुलगा माझ्यासमोर बापाविषयी इतके बोलला ते पहिल्यांदाच.

माझी पहिली 'द चेंजिंग ऑफ द गार्ड'. एकावन्न वर्षे मुलांना साहित्य शिकवलेला म्हातारा मास्तर. संस्थेचे निवृत्तीचे पत्र त्याने उघडूनसुद्धा पाहिलेले नाही, नेहमीसारखे पुढल्या वर्षाचे नेमणूकपत्रच असेल म्हणून. हेडमास्तर समोर बसवून सांगतात तेव्हा कळते. आपल्या शिकवण्याने कुणाचे काय झाले, काहीच नाही, असे वाटून तो नाताळच्या आदल्या रात्री पिस्तूल घेऊन आवारातल्या पुतळ्यापाशी जातो. पुतळा होरेस मान या शिक्षणतज्ज्ञाचा, तोच सर्लिंगच्या अँटिऑक कॉलेजचा पहिला अध्यक्ष. तेवढ्यात वर्गाची घंटा होते. वर्गात त्याची मुले बसलेली असतात, मेलेली. कुणी युद्धात, कुणी रोग्यांसाठी संशोधन करताना. एकेकजण उभा राहतो आणि सर, तुम्ही अमुक कविता शिकवलीत, ती मला त्या वेळी आठवली, असे सांगतो. डोनाल्ड प्लेझन्सने हा मास्तर केला तेव्हा तो चाळिशीत होता, हे पटत नाही. माझे वडील मास्तर होते. जास्त लिहीत नाही.

सौ.ची पहिली 'द मॉन्स्टर्स आर ड्यू ऑन मेपल स्ट्रीट'. ती माझ्या यादीत नववी होती.

'नववी?' तिने चष्मा कपाळावर चढवला. 'अहो, नववी?'

मी म्हटले, 'अगं, पात्रं फार आरडाओरडा करतात. नाटकी वाटतं.'

गोष्ट अशी. शनिवारची संध्याकाळ, सभ्य लोकांची गल्ली. आकाशातून काहीतरी झगझगत जाते, आणि वीज जाते, फोन बंद, मोटारी बंद. एक पोरगा चित्रांच्या गोष्टींतले ज्ञान पाजळतो की परग्रहावरचे लोक आधी माणसांसारखे दिसणारे एक कुटुंब पाठवतात. झाले! एकाची मोटार आपोआप सुरू होते. तो रात्री झोप येत नाही म्हणून बाहेर उभा राहून आभाळ बघतो, हे कुणाला तरी आठवते. दुसरा घरी रेडिओचे यंत्र जुळवतो, हे बाहेर येते. पलीकडच्या गल्लीची हालहवाल पाहायला गेलेला शेजारी अंधारातून परत येतो, त्याला राक्षस समजून गोळी घालतात. मग ज्याने गोळी घातली त्याच्याच घरात दिवे लागतात. शेवटी टेकडीवर दोन परग्रहवासी बसलेले दिसतात. त्यांनी केले काय, तर नुसते दिवे घालवले.

याच्यामागे आणखी एक हकीकत आहे. 1955 साली मिसिसिपीत एमेट टिल नावाच्या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाला गोऱ्यांनी मारले आणि मारणारे निर्दोष सुटले. सर्लिंगने त्यावर नाटक लिहिले. 1956 मध्ये ते दाखवले गेले तोवर जाहिरातदारांच्या भीतीने त्यातले दक्षिण गेले, काळा मुलगा गेला, न्यू इंग्लंडमधले एक मिळमिळीत गाव उरले. तेव्हा याच्या ध्यानात आले की जे माणसाच्या तोंडी घालू देत नाहीत, ते मंगळावरच्या माणसाच्या तोंडी घातले तर कुणी हरकत घेत नाही. 'ट्वायलाइट झोन' हा त्या हिशेबाचा उद्योग, आणि 4 मार्च 1960 ची मेपल स्ट्रीट हा त्याचा चोख नमुना. हे सारे मी यादीच्या समासात लिहून ठेवले होते. तरी नंबर नववा.

'आरडाओरडा कुणी केला नव्हता आपल्याकडे,' सौ. म्हणाली. 'तुम्ही तर किती शांतपणे लिहिलं होतंत.'

चिरंजीव उठून पाणी प्यायला गेले.

2020 साली मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी होतो. 22 मार्चला संध्याकाळी पाच वाजता गॅलरीत उभे राहून मी पितळेची थाळी बडवली, डॉक्टर आणि परिचारिका यांच्या सन्मानार्थ. थाळीला पोचा आला, तो अजून आहे. तिसऱ्या मजल्यावर एक परिचारिका भाड्याने राहत असत. आम्ही सारे त्यांना 'सिस्टर' म्हणायचो. सौ.ला बी-बाराची इंजेक्शने लागली तेव्हा कामावरून दमून आल्यावरही रात्री येऊन देऊन जात आणि पैसे घेत नसत. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एकाने व्हॉट्सॲपवर कुठलीशी बातमी टाकली. ती कुठून आली हे कुणी विचारले नाही. मेपल स्ट्रीटच्या पोराकडे निदान चित्रांचे पुस्तक तरी होते. मग एकाला आठवले की त्या रात्री उशिरा येतात. दुसरीला आठवले की त्या लिफ्टची बटणे हाताने दाबतात. बटणे दुसऱ्या कशाने दाबायची असतात, हे मीही विचारले नाही. बैठक घेता येत नव्हती, म्हणून फोनवरच ठरले, आणि नोटीस मी लिहिली.

सेक्रेटरीपदाची फाइल अजून माळ्यावर आहे. त्या रात्री यादी अर्धी टाकून मी ती काढली. अक्षर चांगले आहे माझे. 'रुग्णालयात सेवेस असणाऱ्या रहिवाशांना नम्र विनंती की, सर्वांच्या हितास्तव त्यांनी लिफ्टचा वापर करू नये व तूर्त आपल्या निवासाची व्यवस्था रुग्णालयामार्फत करून घ्यावी.' अनेकवचन घातले होते, वास्तविक असे रहिवासी एकच होते. खाली सही, तारीख. अकरा दिवस त्या जिन्याने चढल्या-उतरल्या. बाराव्या दिवशी दोन पिशव्या घेऊन गेल्या. मी गॅलरीत होतो. त्यांनी वर पाहिले नाही, किंवा पाहिले असेल तर तेव्हा मी आत गेलो होतो.

मेपल स्ट्रीटवर गोळी चालते, दगड चालतात. आमच्याकडे ड्रॉइंग पिन चालली. म्हणून मला ती गोष्ट नाटकी वाटत होती, असे मी सौ.ला सांगून पाहिले. ती म्हणाली, 'म्हणून नव्हे.'

त्यांचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. 'सिस्टर तिसरा मजला' या नावाने. पूर्ण नाव भाडेकरारात असेल, तो फाइलमध्येच असणार. दसऱ्याला मी फाइल पुन्हा खाली काढली, नाव पाहिले, फोनमध्ये नीट भरले. फोन अजून केलेला नाही. सौ. रोज सकाळी चहा देताना माझ्याकडे पाहते आणि काही विचारत नाही. हे विचारण्यापेक्षा वाईट.

यादी मात्र पुरी झाली आहे, जवळजवळ. मेपल स्ट्रीटसमोरचा नऊ खोडून मी एक लिहिला. चिरंजीव म्हणाले, 'बाबा, एका रात्रीत आठ जागा? हा पक्षपात आहे.' असेल. दुसऱ्या नंबरावरून मास्तर आणि चक्रीपाळणा यांचे भांडण अजून मिटलेले नाही. पुतण्या भाऊबीजेला येतो आहे, त्याचे मत निर्णायक धरायचे ठरले आहे. त्याने फोनवर विचारले, 'काका, या खेपेला काय आणू?' सौ. मागून ओरडली, 'बदाम आण म्हणावं!'